जनरेटरचे तास

३ फेब्रुवारी, मंगळवार. सायं. ७.४०
दिवस एकविसावा. आकडा १९.
आकडा म्हणजे देश 'क' मधल्या हॉस्पिटलचा जनरेटर आज किती तास चालला. देशाचं नाव वहीत लिहायचं नाही, असा नियम पहिल्याच दिवशी केला आहे. वही कुणाच्याही हाती पडू शकते. वही फ्रीजवर असते.
युद्धाचा सामान्य माणसावर काय परिणाम होतो हे मोजायला जगभरचे संशोधक मेलेले मोजतात, जखमी मोजतात. तेही बरोबर. पण राजुरीत तेवीस वर्षं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या माणसाला जे दिसतं ते त्यांना दिसलेलं नाही. बॉम्ब पडला की आधी लाईट जाते. म्हणजे जनरेटर जास्त तास, तर युद्ध जास्त. जनरेटर कमी, तर शांतता जवळ. सूत्र माझं स्वतःचं. दहावीनंतर मला कुणी शिकवलेलं नाही.
निरीक्षक : चि. रत्नदीप. त्या हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन आहे, जनरेटर त्याच्याच ताब्यात. रोज संध्याकाळी आकडा पाठवतो. सलग तीस दिवस पुरे झाले की, म्हणजे १२ तारखेला, या सूत्रावरचा माझा निबंध परदेशातल्या शांतता संशोधन संस्थेला जाईल. त्यांना आधी मेल केला होता. एका मिनिटात उत्तर आलं की आपला मेल मिळाला. एवढी मोठी संस्था, पण माणसं तत्पर.
संकल्प : गोरखची विहिरीवरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर उद्या भरून द्यायची.

४ फेब्रुवारी. सायं. ७.१५
दिवस बाविसावा. आकडा १७. दोन तासांनी उतरला. आलेख लाल पेनाने काढत होतो, आता हिरवं पेन घेतलं.
गोरख सकाळी येऊन गेला. म्हणाला, जयवंतराव, लढाया नंतर थांबवा, माझा कांदा वाळायला लागलाय. त्याला सांगितलं, तारेवरचं वार्निश ओलं आहे. वार्निश अजून लावलेलं नाही. पण लावलं असतं तर ओलंच असतं.

५ फेब्रुवारी. सायं. ८.०५
दिवस तेविसावा. आकडा ११. एकदम सहा तासांची घट!
आज रत्नदीपने नुसता आकडा न पाठवता व्हॉइस मेसेज पाठवला, ४० सेकंदांचा. सुरुवातीलाच "अकरा" ऐकू आलं, तिथेच बंद केला. निरीक्षकाने आकडा द्यावा, मत देऊ नये, असं त्याला पहिल्या दिवशी बजावलं होतं. पुढचं ऐकलं तर माझ्या निष्कर्षावर परिणाम होईल. रत्नाने तो स्वतःच्या फोनवर घेऊन पूर्ण ऐकला. ऐकून मग बराच वेळ चुलीपाशी बसली. बायको भावनाप्रधान आहे. संशोधनात तो दोष धरतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दु. १.३०
दूतावासाने आपल्या लोकांना सीमेपलीकडे न्यायला बस काढल्या आहेत. पहिली ९ तारखेला, शेवटची ११ ला. दोन्ही सकाळी सहाला, म्हणजे आपले साडेआठ. त्यानंतर बस नाही.
रत्ना म्हणते, त्याला बोलवून घ्या. मी म्हणालो, आकडे बघ. ती म्हणाली, आकडे तुमी बघा, मला पोरगं बघायचंय. मी म्हणालो, मग तूच सांग त्याला. म्हणाली, सांगितलंय. पप्पा म्हणतील तसं, म्हणतो. लहानपणापासून तुमच्या शब्दाबाहेर गेलाय का तो?
हे खरं आहे. मुलावर पद्धतशीर विचाराचा संस्कार झाला आहे.
सायं. ७.२० आकडा ८.

७ फेब्रुवारी. सायं. ७.५०
दिवस पंचविसावा. आकडा ५.
निर्णय दिला. मेसेजचा मजकूर नोंदीसाठी : "परिस्थिती सुधारते आहे. सध्या रस्त्याचा प्रवास हॉस्पिटलपेक्षा धोक्याचा. थांब. पप्पा."
मालिका सत्ताविसाव्या दिवशी तुटली असती तर मालिका म्हणून तिला काही किंमत उरली नसती. याचा निर्णयाशी संबंध नाही. फक्त लिहून ठेवतो.
त्याचं उत्तर : "बरं."
रत्नाने मला जेवायला वाढलं, पण स्वतः जेवली नाही. मी काही विचारायच्या आत म्हणाली, तो मेसेज ऐकला का तुमी? म्हणालो, त्यातलं लागणारं ऐकलंय.

८ फेब्रुवारी. सायं. ७.३०
आकडा २. टीव्हीवर मात्र उलटंच दाखवतात. त्याच शहरावर दोनदा हल्ला झाला म्हणे. टीव्हीवाल्यांना जनरेटर कळत नाही.
आज छाती थोडी धडधडते. चहा जास्त झाला असावा. उद्यापासून दोनच कप.

९ फेब्रुवारी, सोमवार. स. ९.१०
पहिली बस साडेआठला गेली असणार. रत्नदीप त्यात नाही.

सायं. ६.५५
दिवस सत्ताविसावा. आकडा ०.
शून्य! हीच ती शांतता. हिरव्या पेनाची रेघ थेट तळाला टेकली. निबंधाचं शेवटचं वाक्य सुचलं : "जनरेटर थांबला, आणि एका शहराने सुटकेचा श्वास घेतला."

सायं. ७.३०
गोरख मोटारीसाठी आला होता. आनंदाच्या भरात त्याला आलेख दाखवला. त्याने वही उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, आमचा बी जनरेटर तीन दिस झालं शून्यच हाय, राव. लाईट आली म्हून न्हाई. डिझेल आणाया कोण गेलं न्हाई म्हून.
मी म्हणालो, ती गोष्ट वेगळी. तो म्हणाला, आसंल बाबा. माझी मोटर कवा?
रत्ना दारात उभी होती. तिचा फोन माझ्या हातात ठेवला आणि आत गेली.

सायं. ७.४५
मेसेज पूर्ण ऐकला. शब्दशः उतरवतो :
"अकरा. पप्पा, लाईट नाहीच, पण डिझेल संपत आलंय. टँकर येत नाही. आम्ही थोडं थोडं चालवतोय, ऑपरेशनपुरतं. चार-पाच दिवस पुरेल, मग बंद. अर्धा स्टाफ गेलाय. तुम्ही आलेख काढताय तर हे पण लिहा. मी येऊ का थांबू, ते सांगा. आईला घाबरवू नका."
मेसेज चार दिवसांपूर्वीचा आहे. पुढे आवाज येतो, काहीतरी पडल्याचा. मग तो म्हणतो, "लांब पडलं," आणि बंद.

सायं. ८.१०
फोन : लागत नाही. आतापर्यंत १४ वेळा.
मेसेज : "ये. ११ च्या बसने ये. थांब म्हणालो ते चुकीचं." पाठवला. एकच टिक.
मेसेजमधलं शेवटचं वाक्य खोडून परत पाठवायचा विचार होता. राहू दिलं.

१० फेब्रुवारी. स. ७.००
४१ वेळा. एकच टिक.
दूतावासाच्या नंबरवर एक मुलगी हिंदीत म्हणाली, सर, लिस्ट में नाम नहीं है. मी म्हणालो, माझ्या सांगण्यावरून नाही. ती म्हणाली, जी? मी फोन ठेवला.

दु. ३.००
दुकान उघडलं नाही. आज संध्याकाळचा आकडा आला नाही तर मालिका तुटेल. तुटू दे. आकडा यावा असं वाटतं, पण कशासाठी ते वेगळं आहे.

सायं. ७.३०
आकडा नाही.
रत्ना म्हणाली, जेवून घ्या. तिने मला एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर उत्तर तयार होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार. स. ८.३०
बस आत्ता सुटली.
एकच टिक.

स. ११.२०
एकच टिक.

सायं. ५.००
टीव्हीवर तेच शहर. एक मोठी पांढरी इमारत, अर्धी. हॉस्पिटलच्या फोटोशी पडताळून पाहिली. टीव्हीवरचे मजले पाच, हॉस्पिटलचे सहा. खिडक्या मोजत होतो तेवढ्यात जाहिरात लागली. रत्ना टीव्हीकडे पाठ करून धुतलेले तांदूळ परत धुवत होती.

१२ फेब्रुवारी. दु. १२.४०
अनोळखी नंबर. रत्नदीप. सीमेपलीकडे आहे. ठीक आहे. आधी आईशी बोलला, चार मिनिटं. मग माझ्याशी, साधारण एक मिनिट.
विचारलं, माझा "ये" मिळाला का. म्हणाला, नाही. फोन नऊ तारखेलाच बंद पडला, चार्ज कुठे करणार? तुमचा "थांब" मिळाला होता, म्हणून पहिली बस सोडली. मग हॉस्पिटलच रिकामं केलं. एक आजी होत्या, श्वासाच्या मशीनवर. मशीन बंद, तर हाताने पंप करून श्वास द्यायचा. पेशंट नेणाऱ्या बसमध्ये तो पंप धरायला माणूस कमी पडत होता. डॉक्टर म्हणाला, तू चढ. म्हणून चढलो. नाहीतर थांबणारच होतो.
मी विचारलं, किती तास पंप केलं. म्हणाला, मोजलं नाही, पप्पा.

१५ फेब्रुवारी, रविवार. रा. ८.००
रत्नदीप दुपारी घरी आला. उजव्या हाताचा अंगठा सुजलेला. भाकरी मोडता येईना, रत्नाने मोडून दिली. त्या आजी पोचल्या का, हे रत्नाने विचारलं. पोचल्या, म्हणाला. मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.
संध्याकाळी ओट्यावर आठ-दहा माणसं जमली. आलेख आणायला उठलो, पण कुणी बघेना, सगळे त्याच्याकडेच बघत होते. गोरखही होता. त्याने मोटर परवाच माझ्याकडून उचलून निरगुडसरच्या दुकानात दिली. तिथे एका दिवसात भरून मिळाली म्हणे.
गोरख सगळ्यांदेखत म्हणाला, काय असंल ते असंल, पण जयवंतरावांचा अभ्यास कामाला आला. टायमात बोलवून घेतलं पोराला. व्हय ना राव?
मी हो म्हणालो.
रत्नदीप शेजारीच बसला होता. त्याने मान वर केली नाही. दारात बसलेल्या रत्नाने केली.