माळ छातीपर्यंत आली

तासगाव, सोमवार

ती. आक्काताईस धाकट्या जयपालचा जय जिनेंद्र. साताऱ्याच्या थंडीत गुडघे काय म्हणतात ते कळव. दाजींना नमस्कार (कानात यंत्र असेल तर मोठ्यानं, नसेल तर नुसता हातानं).

इकडं सगळं ठीक असं लिहिणार होतो, पण मी पिवळा झालोय. तीन आठवड्यांमागं तुझी भावजय संयोगिता म्हणाली, "आवं, आरशात डोळं बघा, हळद लावल्यागत झाल्यात." मी घाबरलो नाही. कावीळ मला नवी नाही. मी चौथीत होतो, आठवतंय? काविळीचं औषध देणाऱ्या धुळाआण्णानं झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवली होती. ती रोज लांबायची, आणि जेवढी माळ उतरेल तेवढी कावीळ उतरली म्हणायचं. पाचव्या दिवशी बेंबीला टेकली, मी बरा. काय दिवस होते गं! उसाचा रस, कुरमुरे, आणि शाळा बुडवून उशाशी बसलेली तू. (एवढं लाडाचं आजारपण पुन्हा मिळालं नाही. पुढं दुसऱ्यांचे बेदाणे निवडता निवडता स्वतःचं शेड उभं केलं, त्यात आजारी पडायला सवड कुणाला?)

म्हणून धुळाआण्णाच्या नातवाकडून तशीच माळ आणली. डोक्यावरनं गळ्यात आली, गळ्यातनं छातीवर. बेदाण्याच्या सौद्यात मी ती सगळ्यांना दाखवत फिरलो. माळ उतरत होती, मी मात्र पिवळाच. वर अंगाला खाज अशी, की खांबाला पाठ घासताना अडत्या म्हणाला, "शेठ, बोली लावताय का खाजवताय?"

शेवटी संयोगितानं गाडीत घालून सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टर ऋचा आपल्या लेकीच्या, श्रद्धाच्या वयाच्या. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय म्हणाल्या. मग पडद्याआड जाऊन दुसऱ्या डॉक्टरशी हळू आवाजात बोलल्या. माझ्यापासून हळू बोलून काय उपयोग? अख्ख्या सौद्याची कुजबुज मी घरबसल्या ऐकतो. "पित्त लिव्हरमध्येच तुंबलंय, पेशी आतून गंजताहेत. अजून उशीर केला असता तर लिव्हर सावरलं नसतं."

त्या बाहेर आल्यावर विचारलं, "बाई, माणूस गंजतो कसा?" त्या म्हणाल्या, "काका, हिरवा बेदाणा उघड्यावर ठेवला तर?" म्हटलं, काळा पडतो. "का?" हवा लागून. "तुंबलेल्या पित्तानं लिव्हरमध्ये तसंच काहीसं चाललंय. आणि गळ्यातलं हे काय?"

मी ऐटीत सांगितलं. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरला. "काका, चार किलो द्राक्षं वाळवून बेदाणा किती निघतो?"

"एक किलो."

"मग ही मुळी वाळून आकसली, गाठी ढिल्या झाल्या, दोरा लांबला. त्याला कावीळ कशाला लागते?"

आक्का, तीस वर्षं वाळवण्याच्या धंद्यात घालवली, आणि गळ्यात वाळत होतं ते मला दिसलं नाही. संयोगिता सांगलीपासून तासगावपर्यंत हसत होती. निम्म्या वाटेवर तिचं हसू रडण्यासारखं ऐकू आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

गुरुवारी दुर्बिणीनं खडा काढणार आहेत. किरकोळ काम आहे. तू मुळीच दगदग करू नकोस.

तुझा,
जयपाल

ता. क. काम अगदीच किरकोळ नाही. कागदावर सही घेताना बाई फार गोड बोलल्या.

दुसरा ता. क. परवापासून हिशेब करतोय, पाच दिवसांत मुळी बेंबीपर्यंत वाळत नाही. तसा हिशेबाची गरज नव्हती. चौथीतल्या त्या दुपारी मी झोपलो नव्हतो, आणि कान तेव्हाही तिखट होते. तू नाक ओढत एकेक गाठ सैल करत होतीस आणि पुटपुटत होतीस, "उतर गं बाई, उतर." मी डोळे उघडले नाहीत. गुरुवारी ये. संयोगिताला सांग, बेदाणे न्यायला आले.