अपघाताचं पान

४ मार्च
पुस्तिकेचं काम माझ्याच गळ्यात! ओंडक्यांच्या रेल्वेला म्हणे शंभर वर्षं झाली. रूळ उखडूनही तीस झाली, पण कौतुक काही संपत नाही. वखारवाले म्हणाले, "बाई, शाळेत इतिहास तुम्हीच शिकवलात, आणि बाबा तुमचे इंजिन ड्रायव्हर. घरचंच कार्य!" चहासुद्धा पाजला नाही.

७ मार्च
जुन्या शेडमधलं रजिस्टर मिळालं. कडा उंदरांनी खाल्ल्यात. अपघाताच्या तारखेला बाबांच्या अक्षरात एकच ओळ — 'ब्रेकवाला जागेवर नव्हता.'

ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. वरच्या थांब्यावर भरलेली गाडी उभी असली की ब्रेकवाल्याने शेवटच्या वाघिणीचा हातब्रेक धरून बसायचं. हा पठ्ठ्या गायब! गाडी उतारावरून सुटली, दोन हमाल चिरडून मेले. चौकशीत काय म्हणाला? "ड्रायव्हरसाहेबांचा जेवणाचा डबा आणायला गेलो होतो." सगळे हसले. अजून कुणी कामातून सटकला की गावात म्हणतात, 'गेला डबा आणायला.' वर्गात मीही म्हणायचे.

८ मार्च
पाठ धरलीय. एक अक्षर लिहून झालं नाही.

११ मार्च
शिवणवाली आली होती. त्या ब्रेकवाल्याची मुलगी. दारातच उभी राहिली. "बाई, आमचे अण्णा मरेपर्यंत तेच सांगत होते. पुस्तकात तरी खरं येऊ दे. तुमचे बाबा आहेत तोवर एकदा विचारा ना."

माझ्या बाबांवर संशय! डोकंच फिरलं. "बघते," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

१२ मार्च
विचारलं. बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, पण हे पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

"मीच पाठवलं होतं," म्हणाले. "भूक लागली होती. वाटलं, दोन मिनिटांचं काम, तेवढा वेळ इंजिनाचा ब्रेक धरेल." मग चष्मा काढून पुसला. "नोकरी गेली असती गं. तू चार वर्षांची होतीस." माझा हात धरून रडले. "मी गेल्यावर काय लिहायचं ते लिही."

कीव आली. किळसही आली — स्वतःच्या बापाची! आणि तो माणूस जन्मभर गावाचं हसं होऊन जगला. मीही हसले होते.

१५ मार्च
छापखान्यातून दोनदा फोन. लिहून टाकलं सगळं, पानभर. किती मोकळं वाटतंय! उद्या पाठवते.

१६ मार्च
बाबांची दाढी करून देत होते. मध्येच विचारलं, "दिलंस का छापायला?" हनुवटी इतकी थरथरत होती की वस्तरा बाजूला ठेवला.

बत्तीस वर्षं मुलांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारल्या मी.

२ एप्रिल
पुस्तिका आली. शिवणवाली स्वतः येऊन प्रत घेऊन गेली. ते पान तिने उभ्यानेच वाचलं. रजिस्टरमधली ती ओळ मी जशीच्या तशी छापली होती, बाकी काही नाही. तिने पुस्तिका पिशवीत ठेवली आणि विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"