भिंतीतली सून

१२ नोव्हेंबर, बुधवार

करजणचं घर बंद करून आज मी बडोद्याला आले, कायमची. सांगतेय मी, लिहितेय माझी नात आभा. मला अक्षर येत नाही, पण जीभ बरी चालते. आभाच्या मते जरा जास्तच चालते. हेही लिही म्हटलं, तर नाक मुरडून लिहिलंन.

कारेलीबागेतला फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. माणसं तीनच: मुलगा हेमचंद्र, सून मृदुला आणि ही आभा. आमच्या ह्यांनी रेल्वेत जन्म काढला, तेव्हा गाडीच्या आवाजाशिवाय मला झोप लागायची नाही, असं मी आल्या आल्या जाहीर केलं. मृदुला शांतपणे म्हणाली, की तिच्या नवऱ्याचं घोरणं ऐकलं म्हणजे मला गाडीची उणीव भासणार नाही. चाळीस वर्षं मी ह्या मुलाची बाजू घेत आले. आज पहिल्यांदा सुनेची घेतली.

जेवायला खिचडी-कढी होती. बडोद्यात राहून मृदुलाच्या कढीला साखरेची खोड लागलीय. मी दोन वाट्या प्यायले आणि मग नावं ठेवली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हेमचंद्रची कंपनी विजेच्या तारेतून इंटरनेट पोचवते. वेगळी तार नको, भिंत खणायला नको. ज्या प्लगात मिक्सर लावायचा त्यातूनच नेट. पाण्याची मोटर, गॅसचं मीटर, पुढच्या दाराचं कुलूप, सगळं त्याच तारेवरून एकमेकांशी बोलतं म्हणे. सोसायटीत पहिला मान आमच्या घराला. मी विचारलं, बोलतात तरी काय? हेमचंद्र म्हणाला, फक्त आकडे, बायकांसारखं नाही. मृदुलाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर त्याला एकाएकी फोन करायचा आठवला.

बसवायला गोरव्याहून प्रतापसिंह वायरमन आला. पन्नाशीचा, मिशाळ, आल्याबरोबर मला बा म्हणायला लागला. हॉलमधल्या प्लगात त्याने पांढरी डबी खोचली आणि तिचा हिरवा दिवा लागला. म्हटलं, घरात नवी आलीय, तिचं काही करायला नको? मी डबीला हळदकुंकू लावलं, खाली खण ठेवला, तांदूळ ठेवले. मग नव्या सुनेला ओळख करून देतात तसा एकेकाचा उजवा हात डबीवर ठेवायला लावला. हा तुझा सासरा, ही सासू, ही नणंद. प्रतापसिंह म्हणाला, हूं तो मामा, मुलीकडचा! त्याचाही हात ठेवला. मी आजेसासू. मी कशाला हात लावीन? तिनेच माझ्या पाया पडायचं.

आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. शेवटी मी डबीला सांगितलं, ही सगळी आता तुझी माणसं हो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नेट फार झकास चालतं. करजणच्या शेजारणीशी मी फोनवर तोंड बघून बोलले. तिचे दात नवे आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. हेमचंद्र दुपारी उजवा हात भिंतीला टेकवून डाव्या हाताने जेवत होता. ह्या घरात डाव्या हाताने जेवण? मी खेकसले, तेव्हा त्याने दचकून हात काढला. आपण काय करतोय ते त्याला कळलंच नव्हतं. मृदुला भाजी चिरता चिरता उठते आणि बटणांच्या पाटीवरून तळवा फिरवते. भिंत उबदार लागते म्हणे. आभाचंही तेच. वही लिहायला बसली की तिचा हात जागेवर असतो, पेन ठेवलं की भिंतीकडे जातो.

हेमचंद्रने प्रतापसिंहाला उद्या तपासायला बोलावलंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रतापसिंह गेला. मी समोर होते.

अकरा वाजता आला. हेमचंद्र कामावर, मृदुला आणि आभा वाण्याकडे. चहा नंतर घेतो म्हणाला. आधी मेन स्विच बंद केला, पंखा थांबला. डबी काढून बाजूला ठेवली. प्लगात टेस्टर घालून मला दाखवला, त्याचा दिवा लागला नाही: बा, जुओ, करंट नथी. मग टेस्टर खाली ठेवला आणि प्लगाच्या भोकात मधलं बोट घातलं.

मोठ्या माणसाचं बोट त्यात जात नाही. त्याने घातलं. आधी नख उलटलं. मग कातडी मोज्यासारखी मागे सरकली. मग हाड मोडल्याचा आवाज आला. तो ओरडला नाही. कुणीतरी हळू बोलतंय आणि आपण कान देऊन ऐकतोय, असा चेहरा. प्लास्टिक फुटलं, गिलावा फुटला, मनगट आत गेलं. मी देवापुढचा पाट उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला. चार वेळा. पाचव्या घावाला तो सुटून मागे पडला. हात आतच राहिला.

अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाणी मागितलंन. मी आणेपर्यंत संपला.

आभा म्हणते पुरे. मी म्हणते लिही. कुणीतरी लिहायला हवं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस येऊन गेले, कंपनीची माणसं येऊन गेली. शॉर्टसर्किट, असं ठरलं. मी पाहिलं ते सांगितलं; एकाने मला विचारलं, बा, तुमचा मोतीबिंदू काढलाय का?

हेमचंद्रने मीटरपासूनची तार स्वतः तोडली. डबी टेबलावर पडलीय, कशालाच जोडलेली नाही. हिरवा दिवा चालूच आहे.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता करजणला चला. तो म्हणाला, ह्या सगळ्याचा जबाब त्याला द्यायचाय, आजचा दिवस थांब. उद्या सकाळी आठला गाडी. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

तिघांचेही उजवे हात मी ओढण्यांनी त्यांच्याच कमरेला बांधलेत. आभाचा फक्त लिहिण्यापुरता सोडते.

२० नोव्हेंबर, सकाळ

बॅगा दाराशी होत्या. मृदुला गॅस बंद करायला आत गेली. बटण फिरवायला तिने हात सोडवला असणार.

तिने मला हाक मारली. घाबरून नाही, अगदी हळू. "आई, जरा धरा मला."

मी कमरेला मिठी मारली. कोपरापर्यंत गेली होती. मग खांद्यापर्यंत — भिंत तिला ओढायची, सोडायची, ओढायची. दर वेळी तिचं डोकं टाइल्सवर आपटायचं. हेमचंद्र कमरेची ओढणी तोडून हातोडी घेऊन धावला, भिंत फोडायला लागला. विटा पडल्या. आत तारा नव्हत्या, ओलं काहीतरी होतं. घाव चुकला, तिला लागला. तो हेलपाटला आणि तोल सावरायला त्याने हात —

भिंतीलाच टेकवला.

माझा मुलगा पाच फूट नऊ इंच होता. एवढ्या भिंतीत मावत नाही. तिने मावेल एवढा केला.

मृदुला तोवर माझ्या मिठीतून आत गेली होती. मी शेवटपर्यंत त्याचा पाय धरून होते.

२० नोव्हेंबर, नंतर

पुढचं दार उघडत नाही. कुलूप तारेवरचं. शेजारच्या अस्मिताबेनने बाहेरून कडी धरली तर जिन्यावरून खाली फेकली गेली, किंकाळी ऐकली. पण तिच्या घरच्यांनी बंबवाल्यांना बोलावलंय. बाल्कनीला शिडी लावलीय. गज कापताहेत. सहा गज आहेत.

आभा हॉलच्या मधोमध जमिनीवर. पाय जेवणाच्या टेबलाला बांधलेत, डावा हातही. उजव्या हाताला मी दोर लावून बघितला, कातडी फाटायला लागली. लिहिते तेव्हा मात्र हात तिचा असतो. म्हणून मी बोलतेय. थांबणार नाही.

रडतेस तर रड, पण लिही.

मी डबीवर माझा हात ठेवला. सांगितलं, मी आणलं तुला ह्या घरात, मी हसले, चूक माझी. मला घे, पोर सोड. डबी गार. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन गज तुटले.

पान उलटायला आभा थांबली तर टेबल वीतभर सरकलं. आता पान मी उलटते, तू फक्त पेन चालव.

काय सांगू? लहानपणी तू माझी तपकीर हुंगलीस आणि दिवसभर शिंकत होतीस. लिही. तुझ्या आईची कढी मला आवडली होती, तिला कधी सांगितलं नाही. लिही. तुझा बाप —

नको. कढीच लिही. दही, बेसन, मेथीदाणे, साखर. पुन्हा लिही.

तीन गज. माणूस दिसतोय, पिवळी टोपी. हात हलवतोय.

टेबल सरकतंय. लिहीत असूनही. मी त्याच्यावर बसलेय, तरी —

दही बेसन मेथीदाणे साखर

चार. पोरी, मला वाचता येत नाही, पण वाकडं दिसतं. तुझी अक्षरं खाली उतरताहेत. भिंतीच्या बाजूला. वर घे. माझ्याकडे बघ, तिचं ऐकू नको, ती काय बोलतेय ते मला सांगू नको, माझं ऐक, मी जास्त बोलते, सगळं गाव म्हणतं

पाचवा हलतोय. एकच मग. एकच. लिही. ओळीवर ये. आभा, ओळीवर ये. ओळीव