मालिकेतला थोरला मुलगा

सोनू,

दवाखान्यातून फोन आला, निघतेय. संध्याकाळी आजींसोबत मालिका बघ. त्यांना ऐकू येत नाही, गोष्ट कानाशी ओरडून सांगावी लागते.

त्यातला थोरला मुलगा वारला. तुझे बाबा दवाखान्यात असे पडलेले असताना मला ते सांगवेना, म्हणून मी त्याला परगावी नोकरी लावून दिलीये. "मग सगळे रडतायत का?" म्हणाल्या, तर म्हटलं, घर विकायला काढलंय. तेवढं सांभाळून घे.

मालिका टाकाऊच आहे. हुंदके देतानाही कुणाची लिपस्टिक हलत नाही. मला तो कासवांचा माहितीपट आवडतो, पण आजी म्हणतात, "त्यात सासू कुठेय?"

बाबांचं विचारलं, तर मात्र काही रचू नकोस. डॉक्टरांनी आईला बोलावलंय, एवढं खरं सांग. टीव्ही बंद कर आणि त्यांच्याजवळ बस.

आई