येऊन राहिलो

८ ऑक्टोबर

धम्मदीप हजर होता म्हणे!

प्रोजेक्ट व्हायवाची यादी आज डिपार्टमेंटबाहेर लागली. आमच्या गटात तीन नावं – मी, पंचाक्षरी, धम्मदीप. तिघांपुढे 'हजर'. तिघांना सारखे मार्क.

त्या दिवशी तो कॉलेजात पोचलाच नव्हता. हदगावहून चुलत्याची मोटारसायकल घेऊन निघाला, वाटेत पंक्चर झाली, उशीर झाला आणि अर्धापूरच्या अलीकडे ट्रकनं उडवलं, जागीच गेला. दुपारची वेळ. आम्ही दोघं व्हायवा उरकून कँटीनमध्ये बसलो होतो आणि त्याच्या नावानं बोटं मोडत होतो – याला म्हणे मॅनेजमेंट शिकायचंय, स्वतःला वेळेवर आणता येत नाही! मीच म्हणाले हे.

महिना होत आला. आज ती यादी दोनदा वाचली. पोरं फोटो काढून ग्रुपवर टाकत होती. एकालाही त्या नावावर अडखळायला झालं नाही. पंचाक्षरी उदगीरचा, एरवी एक मिनिट गप्प बसत नाही. आज खाली बघून निघून गेला.

९ ऑक्टोबर

सरांकडे गेले. प्रोजेक्टचे सर पुण्याकडचे, यंदाच आलेत. चहा मागतात तोही निबंधातल्या मराठीत. मी म्हटलं, सर, धम्मदीप तर आलाच नव्हता.

ते म्हणाले, असं कसं, त्यानंच मला कळवलं होतं. फोन काढून दाखवला. त्याचा मेसेज – "सर, येऊन राहिलो."

आणि मग म्हणाले, आत तुम्हालाही विचारलं होतं मी, तुमचा तिसरा कुठे. तुम्ही काय म्हणालात?

आठवलं. मी म्हणाले होते, "येऊन राहिला, सर."

आमच्याकडे सगळे असंच बोलतात. जेवून राहिलो, झोपून राहिलो, येऊन राहिलो – म्हणजे येतोय, वाटेत आहे! सरांना वाटलं, आला आणि बाहेर थांबून राहिला. मार्क गटाचे, म्हणून खूण करून टाकली. त्याला सगळ्यांत शेवटी बोलावू म्हणाले. मग लाइट गेली, गोंधळ झाला, आणि दुपारी ती बातमी आली. त्या कागदाकडे परत कोणी पाहिलंच नाही.

सरांनी तो मेसेज परत वाचला. मग हळूच विचारलं, "म्हणजे तो येत होता?"

"हाव, सर."



११ ऑक्टोबर

आता तो शब्द पाठ सोडत नाही. वर्गात, मेसमध्ये, बसस्टँडवर दर दुसऱ्या माणसाच्या तोंडात. आणि मला तो सरांच्या कानांनी ऐकू येतो – आला आणि राहिला.

संध्याकाळी वजिराबादेत ऑटोत बसले. मागे मी एकटी. ऑटोवाला काही निघेना. म्हटलं, चला की मामा. तो रस्त्याच्या पलीकडे बघत म्हणाला, "थांबा जरा, एक जण येऊन राहिलाय."

मी उतरले आणि चालत रूमवर आले. तो मागून ओरडत होता, ताई काय झालं. काय सांगू त्याला?

१२ ऑक्टोबर

वर्गात त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. आधी दुःखानं बसत नव्हते. आता यादीनंतर घाबरून बसत नाहीत. 'हजर' आहे ना!

१३ ऑक्टोबर

दुपारी फोन आला. धम्मदीपची आई, नागुबाई मावशी. यादीचा फोटो फिरत फिरत त्याच्या बहिणीच्या, बुद्धप्रियाच्या मोबाईलवर पोचला. तिनं घरात वाचून दाखवला.

मावशी मोठ्यानं बोलत होत्या, शेजारी कोणाला ऐकवावं तशा. "तनुजा माय, कालेजात त्याला हजर लिवलंय म्हणतेत. पोचला व्हता का गं माजा लेक?"

मी काही म्हणायच्या आत त्याच पुढे बोलत राहिल्या. सकाळी तो लवकर निघाला होता, पण त्यांनीच अडवलं, गरम भाकर खाऊन जा म्हणून. बस गेली, म्हणून मोटारसायकल घेतली. तो पेपर देऊन परत येताना गेला असेल, तर त्या अडवण्यानं काही बिघडलं नाही. आणि जाताना गेला असेल, तर भाकरीनं घात केला. अपघात वळणावर झाला, गाडी कुठल्या तोंडाला होती हे कोणी पाहिलेलं नाही. एवढं सगळं त्यांनी धडाधडा सांगितलं. आणि म्हणाल्या, घरी या दोघं, तो काय काय बोलला तेवढं सांगा.

मी 'येतो' म्हटलं आणि फोन ठेवला.  पोचला म्हणावं तर धडधडीत खोटं. नाही म्हणावं तर त्या बाईनं जन्मभर स्वतःच्या भाकरीला शिव्या द्यायच्या.

१५ ऑक्टोबर

सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. नोंद दुरुस्त करावी लागेल म्हणाले. आम्ही लिहून द्यायचं की धम्मदीप गैरहजर होता. मग नियमाप्रमाणे कॉलेज त्याच्या घरी तसं पत्र पाठवणार. पंचाक्षरीनं पेन उचललं. मी त्याच्या हातातून काढून घेतलं!

सर म्हणाले, सत्य सत्यच असतं, तनुजा. मी म्हटलं, सर, दिवाळीनंतर बघू. माझा आवाज चढला होता. सरांशी असं कोणी बोलत नाही.

बाहेर आल्यावर पंचाक्षरीशी भांडले. तो म्हणतो, मला खोटं जमत नाही, तोंडावर दिसतं. खरंय. अरे, मग तू नुसता शेजारी उभा राहा की!

१९ ऑक्टोबर, चाकूर

घरी आले. आईनं करंज्या करायला बसवलं. लाटता लाटता मी तिला सगळं सांगितलं. आई – तारामती तिचं नाव, पण गावात सगळे तिला न्यायाधीशच म्हणतात – क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालू नयेत, ते माघारी येतात.

मी चिडले. म्हटलं, आणि जिवंत माणसाचं काय?  सारण जास्त भरतेयस, फुटतील, एवढंच म्हणाली.

दुपारी मोबाईलमध्ये व्हायवाच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. आमचा विषय हळद. माझ्याकडे जाहिरात, पंचाक्षरीकडे किंमत, धम्मदीपकडे वितरण. सगळ्यात कंटाळवाणा भाग, म्हणून आम्ही त्याच्या गळ्यात मारला होता. आणि तो एवढ्या जीव ओतून बोलतो – "माल किती का चांगला असंना, गिऱ्हाइकापर्यंत पोचला तरच माल." मागून माझं हसणं ऐकू येतं. बंद केलं. लई रडले.

२५ ऑक्टोबर, हदगावहून परत

जाऊन आलो.

घर गावाच्या कडेला. बाहेर तुरीचा तुकडा, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या शेजारी धम्मदीपचा फोटो – आमच्या फ्रेशर्स पार्टीतला, टाय लावलेला. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला आलो होतो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आज घरची तिघंच. पंढरी काका, त्याचे वडील, दारात आमच्याकडे पाठ करून बसलेले. ओळखू येईनात इतके वाळलेत. बुद्धप्रिया म्हणाली, बाबा ताटावर बसतात आणि तसेच उठतात.

मावशींनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सांग."

मी सांगितलं! देवा, काय काय सांगितलं. तो धापा टाकत आला, केस विस्कटलेले. आमचा नंबर लागायच्या आधीच आला. आधी मी बोलले, मग पंचाक्षरी, मग तो. पोचला तरच माल, असं म्हणाला. सर हसले. सरांनी विचारलं, हदगावची हळद पुण्यात कशी पोचवणार? तर म्हणाला, सर, मी स्वतः घेऊन येतो की! सगळे हसले. सर 'शाब्बास' म्हणाले.

बोलत गेले तसं दिसत गेलं. मी घडवत नव्हते, आठवत होते – अगदी तसं. आणि पंचाक्षरी, ज्याला खोटं जमत नाही तो, मध्येच बोलला, "माझ्या शेजारीच उभा होता. बोलताना माझा खांदा धरला होता त्यानं." आणि स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. 

काका वळले. पहिल्यांदाच. "येळंवर पोचला म्हन की."

"हाव, काका."

"मंग उशीर न्हाई झाला त्याला."

"नाही झाला."

ते उठले. बाहेर रांजणाजवळ जाऊन तोंडावर पाणी मारलं, पुष्कळ वेळ मारत राहिले. मावशींनी आतून हाक दिली, "या, जेवून घ्या आता." आणि ते आले, आमच्या पंगतीला बसले आणि जेवले. पिठलं, भाकरी, कांदा. दुसरी भाकरी मागून घेतली. बायकोवरचा आळ गेला म्हणून माणूस इतका मोकळा होतो, मी मनात म्हटलं.

निघताना मावशींनी कारळाच्या चटणीची पुडी हातात दिली आणि माझा हात सोडेनात. "लई चांगलं सांगतीस गं तू," म्हणाल्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला जरा चमत्कारिकच वाटलं.

बसमध्ये पंचाक्षरीला विचारलं, खांद्याचं कशाला सांगितलंस? तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "सुचलं न्हाई मला ते. मी बोलून राहिलो हेच मला उशिरा कळलं."

अर्धापूरचं वळण आलं तेव्हा दोघांनीही डोळे मिटून घेतले.

२६ ऑक्टोबर

खरी व्हायवा आठवून बघितली. जमत नाही! ती खोली, ते टेबल, बंद पंखा. मी, पंचाक्षरी – आणि तो. किती प्रयत्न केला तरी तो तिथून जात नाही. कालच्या आधी तिथं मोकळी जागा होती. ती मीच भरून टाकली. आई म्हणाली होती तेच झालं.

भीती वाटते. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटतं.

२९ ऑक्टोबर

सरांकडे गेले. सही करणार नाही म्हणून सरळ सांगितलं, काय कारवाई करायची ती करा. आणि का करणार नाही तेही सांगितलं – भाकरी, मावशी, काकांचं जेवण, सगळं. बोलताना रडू आलं, त्याचा राग आला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, चूक माझ्या कानांची आहे, तुमच्या सह्या कशाला? ते स्वतःच्या नावानं कॉलेजला लिहून देणार. घरी पत्र जाऊ नये म्हणून प्राचार्यांशी भांडणार. भांडणार हा त्यांचाच शब्द! मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "तनुजा, त्यानं तो मेसेज केला तेव्हा मी 'सावकाश ये' असं उत्तर द्यायला हवं होतं. मला वाटलं, आलाय."

म्हणजे रात्र रात्र जागणारी मी एकटी नाही.

३ नोव्हेंबर

आज जरा बरं. ऑटोत बसले, तिसरा येईपर्यंत थांबले. एक म्हातारी आली, भाजीची पिशवी घेऊन. वर्गातही आज त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. पोरी बघत राहिल्या. बघू देत.

मावशींचं ओझं उतरवलं आपण, एवढं तरी खरं. खोटं बोलून का होईना, त्यांच्या भाकरीला निर्दोष केलं. पंचाक्षरीला असं म्हटलं तर तो नुसता हं म्हणाला.

८ नोव्हेंबर

बुद्धप्रिया आली होती, त्याची लायब्ररीची पुस्तकं परत करायला. कॉलेजच्या पायरीवर बसून सांगितलं तिनं. आईनं त्याला अडवलंच नव्हतं. बाबांनी अडवलं होतं – कपाशीवर फवारणीचा तेवढा एक पंप मारून जाय म्हणून. त्या दिवशी पोलिसांनी बॅग आणून दिली, त्यात सकाळचा डबा तसाच भरलेला होता. बाबा अंगणात होते. आईनं चुलीपुढं बसून तो डबा सगळा खाल्ला, एक घास ठेवला नाही. मग घासून बाबांच्या पुढं पालथा घातला आणि म्हणाली, "बगा. जेवलाय पोरगं. कालेजात पोचून जेवलाय."