रीकेसाठी एक डोंगर

इन्सब्रुक, जानेवारी अखेर

प्रिय कासियान,

तुझा निरोप मिळाला. मार्चच्या सुट्टीत तुम्ही चौघं येताय हे वाचून तुझ्या मेहुण्यानं, सेराफिननं, लगेच तळघरातली घसरगाडी वर आणून पुसायला घेतली. तुला शहराजवळचा असा डोंगर हवाय, जिथे थिसला स्की शिकायला सोपा उतार असेल आणि वर उन्हातली एखादी खानावळ असेल, म्हणजे रीके आणि तुझी इम्के दिवसभर तिथे बसतील. ‘बुर्गी, तुला सगळे डोंगर पाठ आहेत, एका ओळीत उत्तर दे,’ असंही लिहिलंस. एका ओळीत मी आजवर कोणाला काही सांगितलंय का रे? फोन केला असता तर ‘बरं, बघू’ म्हणून तू थिसच्या हातात फोन दिला असतास. म्हणून हे पत्र. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

सगळ्यात आधी नॉर्डकेटेलाच गेले, कारण घराच्या खिडकीतून तोच दिसतो. वर झेग्रुबेच्या थांब्यावर कठड्याशी उभी राहिले आणि मला सहा वर्षांची रीके आठवली. त्याच कठड्याला नाक टेकवून ती ओरडली होती, “आत्या, तुमचं इन्सब्रुक खेळण्यातलं आहे!” मग हात पुढे करून तिनं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत अख्खं शहर उचललं होतं, नदीसकट. ‘हे मी हॅम्बुर्गला घेऊन जाते’ म्हणाली होती. त्या दिवशी तिच्या मागे मागे मी स्कीवरून खाली उतरले. वळणावर ती वाकायची तशीच, जसा तू वाकायचास. फरक एवढाच की ती वळायची. तू लहानपणी वळायचाच नाहीस, सरळ सुटायचास, आणि खाली फेर्डिनांडकाकांच्या कुंपणात अडकून बसायचास. असो. नॉर्डकेटे आपल्याला नको, फार उभा आहे.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या तापानंतर रीकेला दिसेनासं झालं, त्यावर आपण अजून नीट बोललेलोच नाही. मी विचारते, तू डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगतोस. ते सगळं मला आता माहीत आहे. तू कसा आहेस ते माहीत नाही. तुझ्या निरोपात ‘रीके बसू शकेल’ हे शब्द तीनदा आलेत. कुठे ऊन जास्त, कुठे वारा कमी, कुठे खुर्चीवर गादी असते, सगळं विचारलंस. मुलीसाठी इतका बारीक विचार करणारा बाप आहेस तू. म्हणूनच पुढचं लिहायला धीर येतोय.

मी डोंगर वेगळ्या रीतीनं निवडायला लागले. का, ते सांगते, घाई करू नकोस. पात्शरकोफेलला गेलो त्या दिवशी दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. मी सेराफिनला म्हटलं, दहा हात पुढे जाऊन माझ्याशी बोलत राहा. तो बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द दरीत उडून जात होते. “काय म्हणालास?” असं मी चौथ्यांदा ओरडले तेव्हा तो परत वर चढून आला आणि म्हणाला, “म्हणालो, जेवायला चल. हे मात्र तुला लगेच ऐकू येईल.” आणखी एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, खानावळीवरचे भोंगे सकाळपासून गाणी वाजवत होते. तिथून तर मी लिफ्टमधून उतरल्या उतरल्याच परत फिरले. सेराफिनला वाटलं, बायकोचं वय झालं.

मग मुटररआल्म. लहान डोंगर, दोन्ही बाजूंना झाडं, रुंद उतार, आणि सकाळी फारसं कोणी नाही. आम्ही कडेला थांबून बूट आवळत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, “हॉप… हॉप… आणि डावीकडे… हॉप.” एक तरुण मुलगी येत होती, तिच्या कमरेला आवाज मोठा करणारा छोटा कर्णा बांधलेला, आणि तिच्या मागे भडक नारिंगी बंडी घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई. कासियान, ती बाई घसरत नव्हती, वाहत होती. त्या आवाजाच्या मागे जणू दोरीनं बांधल्यासारखी, पण दोरी कुठेच नव्हती. वळणं एकसारखी, गुडघे सैल, चेहरा किंचित वर. बंडीवर तीन काळे ठिपके होते. ती न दिसणाऱ्या माणसांची खूण, हे मला कळलं, आणि हातातला बुटाचा पट्टा हातातच राहिला. सेराफिनसारखा आयुष्यभर लिफ्टची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, त्याला डोंगरात काही नवल वाटत नाही. त्यानं टोपी काढली. चर्चमध्ये काढतो तशी.

खाली मी तिला गाठलंच. ओटिलिए नाव, जवळच्या हॉल गावची राहणारी, जन्मापासून आंधळी. मी काय विचारावं ते न सुचून विचारलं, “भीती नाही वाटत?” ती हसली. “वाटते ना. तुम्हाला नाही वाटत? मग तुम्ही नीट स्की करत नाही आहात.” ती पुढची मुलगी तिची भाची निघाली; ती म्हणाली, “मावशीला भीती एकाच गोष्टीची, मी बोलायची थांबले तर.” ओटिलिए मग काठीनं बर्फ ठोकत म्हणाली, “पुढचा माणूस माझ्यासाठी घाबरला तर त्याचा आवाज अडखळतो, आणि मग मीही अडखळते. बाकी सगळं डोंगर सांगतो.”

डोंगर काय सांगतो ते मला पाहायचं होतं. म्हणजे ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॉगलला आतून काळी चिकटपट्टी लावली आणि मुलांच्या उतारावर, लिफ्ट सुरू झाल्या झाल्या, उभी राहिले. सेराफिन पुढे. “लग्नापासून रस्ता तू दाखवतेस,” तो म्हणाला, “आज मला दाखवू दे.” पहिल्या दोन वळणांतच मी आडवी झाले आणि बर्फात पडल्या पडल्या इतकी हसले की शिकवणीला आलेली पोरं माझ्याभोवती गोळा झाली. पण मग उठले. आणि मग ते झालं.

कसं सांगू? इतकी वर्षं मी या बर्फावर आहे, पण तो बोलतो हे मला माहीत नव्हतं. रात्री दाबून सपाट केलेला बर्फ बारीक दाणे भरडल्यासारखा वाजतो. सावलीत तो कडक होतो, त्याचा सूर चढतो. उन्हात आलं की एकदम मऊ, जवळजवळ गप्प. गालावरचं ऊन गेलं की समजायचं, झाडं आली. झाडं आवाज गिळतात, मोकळं रान तो परत देतं. आणि या सगळ्याच्या पुढे सेराफिनचं ते “हॉप… हॉप”, घोगरं, एकसारखं. मला कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं आणि तरी मी जात होते. उतार संपला तेव्हा माझे पाय आपोआप थांबले. गॉगल काढला, तर समोर तोच नेहमीचा डोंगर, निळं आकाश, तो लखलखाट. मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, न दिसणं म्हणजे डोंगर नसणं. डोंगर होता रे. सगळाच्या सगळा होता. मी तिथेच, शिकवणीच्या पोरांसमोर, रडले. सेराफिननं खानावळीत नेऊन चीजचे गोळे घातलेलं सूप पाजलं. वाटी रिकामी झाल्यावर म्हणाला, “उद्या माझी पाळी.”

आता का लिहिलं ते. नाताळानंतर एका रविवारी तू आणि इम्के थिसला पोहायला घेऊन गेला होतात, तेव्हा रीकेनं मला फोन केला. नंबर पाठ आहे म्हणाली. “आत्या, मार्चमध्ये मला खुर्चीत बसायचं नाहीये. डोळ्यांशिवाय खाली उतरता येतं का? खोटं सांगू नकोस.” मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही, पण बघून सांगते. मी विचारलं, बाबांना का नाही विचारत? ती म्हणाली, “मी काही मागितलं की बाबांचा आवाज बारीक होतो. त्यांना वाटतं, मला कळत नाही.” कासियान, मी आता बघितलंय. येतं. तिला अजून कळवलेलं नाही; आधी तुला सांगतेय. ओटिलिए पहिले दोन दिवस सोबत यायला तयार आहे, तिची भाचीही. पण त्याच फोनवर मी रीकेला हेही विचारलं होतं, जमलंच तर पुढे राहून हाक देणारा कोणाचा आवाज हवा? सेराफिनकाकांचा, माझा, की शिकवणाऱ्या बाईंचा? तिनं एक क्षणही घेतला नाही. “बाबांचा,” म्हणाली. “पण तो बारीक नसलेला.” तेव्हा तू चार दिवस आधी ये, एकटा. गॉगल मी तयार ठेवलाय. आधी तू मागे राहशील आणि मी पुढे. मग तू पुढे.

तुझीच,
बुर्गी