पुढच्या उमेदवाराविषयी माझी शेवटची व्यवस्था

मी, अ‍ॅट्रॅक्टा ब्रेहनी, राहणार क्लूनशॅला फाटा, काउंटी मेयो, आयर्लंड, वय ब्याऐंशी, अविवाहित, टपाल कचेरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत सगळं माझा धाकटा भाऊ सेनन याला दिलं होतं.

मन का बदललं ते सांगते. सेनन चौतीस वर्षं कौन्सिलर आहे आणि २०२९ ला उभा राहणार नाही असं त्याने जाहीर केलंय. तेव्हापासून दुकानात, चर्चच्या फाटकात, सगळीकडे एकच खल चाललाय, पुढे कोण? गेल्या रविवारी तो सफरचंदाची टार्ट घेऊन आला, तेव्हा मीही विचारलं.

"कोण म्हणजे? आपला कॉरमॅक," तो म्हणाला. कॉरमॅक त्याचा मुलगा, शहरात घरं विकतो.

"त्याला डोंगराकडची एक तरी वाट ठाऊक आहे का रे?"

"बाबांचं शेत त्याच्या नावावर कर, ताई. तिथे घर बांधेल. इथला पत्ता नसला की लोक उपरा म्हणतात."

"आणि त्याला ओळखतंय कोण?"

"ते होईल गं. देव करो नि तू शंभरी गाठावीस, पण तुझ्या अंत्यविधीला अख्खा मतदारसंघ लोटेल. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण घरच्यांशी हात मिळवतो, तिथे कॉरमॅक माझ्या शेजारी उभा राहील. एका दुपारी हजार हात हातात येतील. दारोदार फिरून तेवढ्याला तीन महिने लागतात."

टार्ट मी कोंबड्यांना घातली.

पहिलं. हे घर, अंगण आणि कोंबड्या ऊना फीरिक हिला. ऊना म्हणजे दर गुरुवारी माझा पाय बांधायला येणारी परिचारिका. मागच्या निवडणुकीत ती अपक्ष उभी राहिली आणि सेननपुढे एकतीस मतांनी पडली. 'भाडेकरूचं काय, आज आहे उद्या नाही,' असं सेननने प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं होतं. आता सांगून बघ म्हणावं.

दुसरं. माझ्या सात वह्याही ऊनाला. मतमोजणीला कठड्याशी उभं राहून, पेट्या उघडताना मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे एक, दोन, तीन अशी दिसेल ती पसंती मी पेन्सिलीने टिपत आले. कुठल्या शाळेच्या पेटीत कोणाला किती, सगळं त्यात आहे. डोंगरावरच्या शाळेच्या पेटीत सेननची मतं एकशे बारावरून सत्तेचाळीसवर आली आहेत, आणि ते सत्तेचाळीस जण माझ्या शब्दावर टिकले होते. शब्द मी मागे घेतला आहे. घरोघरी कळवून झालं.

तिसरं. लांब शिडी जार्लथ मुलरूनीला. फुटबॉलचा हा प्रशिक्षक वीस वर्षं "उभं राहायचा विचार चाललाय" म्हणतो. निदान शिडीवर उभा राहील.

चौथं, सेननविषयी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मी वीस. त्याला भरवलं, शिकवलं, लग्न केलं नाही. १९९१ साली पक्षाची उमेदवारी मला मिळायची होती, बैठकीत एकसष्ट मतं माझी पक्की होती. ऐन वेळी पुलापलीकडून दोन मिनीबस भरून माणसं उतरली. तीन आठवड्यांपूर्वी झालेले सभासद. सगळे हात सेननसाठी वर गेले. बाहेर मला म्हणाला, "मी नाही म्हणत, ताई. लोकच म्हणतात, बाईमाणूस निवडून येत नाही." रक्ताचा म्हणून त्यानंतर मी सात निवडणुका त्याच्यासाठी राबले. माझ्यासारखी गाढवीण मीच.

तर, माझ्या शवपेटीशेजारी सांत्वनाच्या रांगेत पहिली ऊना उभी राहील. येणारा प्रत्येक हात आधी तिच्या हातात जाईल. तिच्यानंतर सेनन. कॉरमॅकने बाहेर गाड्या लावून द्याव्यात.

हे पाळलं तर बाबांचं शेत सेननचं. मोडलं तर तेही ऊनाचं. वकीलबाई म्हणाल्या, अशी अट आजवर कोणी घातली नव्हती. म्हटलं, मग लिहून घ्या.

सेनन अट पाळेल, कारण जमिनीपुढे त्याला मान दिसत नाही. तेव्हा हेही नमूद करते की शेताला रस्ता नाही. बैलगाडीच्या काळापासूनची वाट माझ्या अंगणातून जाते, आणि अंगण घराबरोबर गेलं. वाट मागायला त्याला ऊनाच्या दारात यावं लागेल.

ऊना, त्याला वाट दे. माझा भाऊ आहे तो. पण आधी आत बसव, चहा दे, आणि तो कप खाली ठेवायच्या आत विचार, पहिल्या पसंतीचं मत कोणाला देणार?

हे वाचून, समजून, दोघांदेखत सही केली.

अ‍ॅट्रॅक्टा ब्रेहनी

साक्षीदार:
१. कोलमन हेस्टर, अंत्यविधी व्यवस्थापक (रांग हेच लावतील)
२. डिम्फ्ना गॉन, निवृत्त शिक्षिका

क्लूनशॅला फाटा, ९ नोव्हेंबर २०२५